कच्चे घर, पक्के घर

(केंद्रातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत झालेले भाषण)



प्राथमिक शाळेच्या परिसर अभ्यासात निवाऱ्याचा विषय कोणत्या ना कोणत्या इयत्तेत येतोच, आणि तो आला म्हणजे बहुधा फळ्यावर दोन रकाने आखले जातात. एकावर 'कच्चे घर' व दुसऱ्यावर 'पक्के घर' असे लिहिले जाते. पहिल्याखाली माती, कूड, गवत व बांबू यांची नोंद होते. दुसऱ्याखाली विटा, सिमेंट व लोखंड यांची. वीस मिनिटांत पाठ संपतो. मुलेही तो लवकर तोंडपाठ करतात, कारण त्यात अवघड असे काही नसते. परंतु त्याच वर्गात चारदोन मुले अशी असतात, की जी सकाळी मातीच्या घरातून निघून शाळेत आलेली असतात आणि ज्यांच्या आईने उजाडण्यापूर्वी उठून अंगण सारवलेले असते. त्यांच्या वहीत त्यांचे स्वतःचे घर 'कच्चे' या रकान्यात जाऊन बसते. मराठीत कच्चा हा शब्द कोणकोणत्या नामांना जोडला जातो ते पाहावे. कच्चे फळ, कच्चा हिशेब, कच्चा विद्यार्थी! मूल तोंडाने काही बोलत नाही. आपले घर म्हणजे अद्याप पुरे न झालेले घर, एवढे मात्र ते शिकून जाते, आणि हे शिकविण्याचा शिक्षकाचा हेतू तर मुळीच नसतो.

घरकुलाची यादी करणाऱ्यास किंवा शिरगणतीच्या वेळी दारोदार फिरणाऱ्यास हे दोन शब्द सोयीचे असतील. त्यांना थोड्या वेळात पुष्कळ घरांची नोंद करावयाची असते. शिक्षकाचे काम निराळे आहे. त्याने मुलास घराकडे पाहावयास शिकवावयाचे असते. हे घर उन्हाला, वाऱ्याला व पावसाला कसे तोंड देते? ते बांधताना भोवतालच्या सृष्टीतून काय काय घेतले गेले, आणि ते पडले म्हणजे त्यातले काय काय सृष्टीला परत मिळेल? त्यात राहणाऱ्यांस दररोज किती पाणी, किती सरपण, किती वीज लागते? या प्रश्नांच्या कसोटीस लावले असता कित्येक पक्की घरे कच्ची ठरतात आणि काही कच्ची घरे चांगलीच पक्की निघतात. अर्थात सगळीच निघतात असे नाही. त्याचा विचार पुढे करावयाचाच आहे.

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास आपल्या जिल्ह्याचे ठिकाण असलेले पुणे शहर फार उपयोगी आहे. शाळांच्या सहली पुण्यास येतात आणि शनिवारवाडा पाहून परत जातात. शनिवारवाड्याचे काम १७३० साली सुरू झाले, १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या आगीत आतील लाकडी महाल जळून गेले. त्यामुळे तेथे तट, दरवाजे, जोती व हौद एवढेच पाहावयास मिळते. इतिहासाच्या पाठासाठी ते योग्यच आहे. परंतु माणसे राहण्याची वास्तू म्हणून वाडा समजून घ्यावयाचा असेल, तर दुसऱ्या बाजीरावाने बांधविलेला व १८०७ साली पुरा झालेला विश्रामबागवाडा, किंवा जुन्या पेठांतून अजून उभे असलेले लहानसहान वाडे, अधिक शिकवून जातात. असे वाडे दर वर्षी कमी होत चालले आहेत, हेही लक्षात ठेवावे.

वाड्याचे जोते काळ्या पाषाणाचे असते. हा दगड याच भूमीचा. सह्याद्रीच्या पायथ्याशी कोठेही चार हात खणावे, की तो लागतोच. जोते उंच ठेवण्याचे कारण दिमाख हे नव्हे. जमिनीतील ओल भिंतीत चढू नये आणि पागोळ्यांचे उडणारे शिंतोडे मातीला लागू नयेत, हा त्यातील हेतू. जोत्यावर दगडी तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कड्या, असा लाकडाचा सांगाडा उभा राहतो व छपराचा पुष्कळसा भार तो घेतो. भिंती वीट-मातीच्या किंवा वीट-चुन्याच्या, आणि इतक्या जाड, की त्यांच्यात कोनाडे व फडताळे सहज मावतात. दुपारची उष्णता अशा भिंतीतून आत पोचेपर्यंत सांज होते, आणि तोपर्यंत बाहेर हवा गार झालेली असते. ज्यांच्या शाळेला पत्र्याचे छप्पर आहे त्यांना या वाक्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. पत्रा दहा मिनिटांत तापतो आणि एप्रिल महिन्यात तिसऱ्या तासापासून मुलांचे लक्ष पाठात राहत नाही.

भिंतीची माती कोणती, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. गावाच्या जमिनीचे काळी व पांढरी असे दोन भाग आपले पूर्वज करीत. काळी शेतीची, पांढरी वस्तीची. काळी माती भिजली की फुगते व वाळली की तिला भेगा पडतात. कपाशीला ती उत्तम, पण भिंतीला निरुपयोगी. भिंतीसाठी पांढरीचीच माती आणीत. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात शोधावे लागत नाही. गावातील एखाद्या वृद्ध गवंड्याला वर्गात बोलावले आणि दोन्ही मातींचे गोळे करून उन्हात ठेवले, म्हणजे तिसऱ्या दिवशी मुलांस ते डोळ्यांनी दिसते. अशा गवंड्याला 'गुरुजी, आज तुम्हीच शिकवा' असे म्हणून वर्ग त्याच्या हाती देणाऱ्या शिक्षकाचा मान काडीभरही कमी होत नाही.

वाड्याचा प्राण म्हणजे चौक. बाहेरून पाहिले तर वाड्याला खिडक्या थोड्या व लहान दिसतात. त्याचे तोंडच आतल्या बाजूला असते. चौकातून उजेड ओसरीत येतो, ओसरीतून सोप्यात, सोप्यातून माजघरात, आणि येता येता त्याची प्रखरता कमी होत जाते. तापलेली हवा चौकातून वर निघून जाते, रात्री गार हवा खाली उतरते. सकाळी घातलेला सडा हा केवळ धार्मिक आचार नव्हे. पाण्याची वाफ होताना ती भोवतालची उष्णता घेते, हा विज्ञानाच्या पुस्तकातील नियम तेथे रोज सिद्ध होतो. चौकाच्या एका अंगाला आड किंवा हौद, मध्यावर तुळशीवृंदावन, मागे परसात केळ व अळू. मोरीचे पाणी केळीच्या बुंध्याशी जाई. पाणी 'वाया जाणे' ही कल्पनाच त्या रचनेत नव्हती. कारागिराच्या मनातही भोवतालची झाडेच असावीत, कारण पेशवाईतील खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे आणि त्यांवरील नक्षी केळफुलाची असे.

पुण्याच्या पाण्याची गोष्ट तर मुलांना अवश्य सांगावी. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या डोंगरात पडणारे पावसाचे पाणी तलाव बांधून अडविण्यात आले आणि दगडी बांधणीच्या भुयारी नळाने ते शहरात खेळविण्यात आले. कोठेही पंप नाही, यंत्र नाही. कात्रज उंच आणि पुणे सखल, एवढ्या एका गोष्टीवर ते पाणी काही कोस चालत येई. वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते, आणि शहरात काळा हौद, बदामी हौद, नाना हौद यांसारख्या हौदांतून लोक पाणी भरीत. आज टाकीपर्यंत पाणी चढविण्याचे वीजबिल ग्रामपंचायतीच्या गळ्याशी आले, म्हणजे या कात्रजच्या नळाची आठवण व्हावी. उतार ही फुकट मिळणारी शक्ती आहे. आपल्या गावात पाणी कोठून कोठे आपोआप वाहते, हे पहिल्या पावसात मुलांना छत्र्या देऊन पाहावयास पाठवावे. भूगोलाचा याहून चांगला पाठ नाही.

आता उन्हाकडे वळू. छपराची वळचण किती पुढे काढावी, हे जुन्या सुताराला अनुभवाने ठाऊक होते. मुलांना ते एका काठीने समजते. पुणे सुमारे साडेअठरा अक्षांशांवर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, १४ मेच्या व ३० जुलैच्या सुमारास, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. उलट २२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर असतो आणि एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर पडते. म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर वळचण एक हात पुढे असली, तर उन्हाळ्यात भिंत सावलीत राहते आणि थंडीत कोवळे ऊन ओसरीत येते. एकाच छपराने दोन्ही ऋतूंची सोय केली, आणि त्यासाठी कोणतेही बटण दाबावे लागले नाही. पूर्व व पश्चिम या बाजूंस मात्र वळचणीचा उपयोग थोडा, कारण तेथे सूर्य खालून तिरपा येतो. म्हणून पश्चिमेस पडवी काढीत किंवा झाड लावीत. शिवाय पावसाळी वारे पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतात. सुगरण पक्षी आपला खोपा बहुधा झाडाच्या पूर्व अंगास, म्हणजे त्या वाऱ्याच्या आडोशाला लटकावतो. गावाच्या विहिरीवरील बाभळीकडे मुलांना नेऊन किती खोपे कोणत्या दिशेस आहेत हे मोजण्यास सांगावे. मोजल्यावर सगळेच पूर्वेस निघाले नाहीत तरी हरकत नाही. खरी मोजणी तशीच असते.

काठीचा प्रयोग करताना एक अडचण येते. १४ मेला शाळेस सुटी असते आणि जुलैअखेर आभाळ झाकलेले असते. यास्तव डिसेंबरचाच मुहूर्त धरावा. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असेही समजू नये. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आणि पुणे त्याच्या पश्चिमेस, त्यामुळे सर्वांत आखूड सावली साडेबारा वाजून गेल्यावर पडते. बाराच्या ठोक्याला मापून 'पुस्तक चुकले' असे म्हणणारे वर्ग असतात.

प्राण्यांपासून घर बांधण्याची विद्या घेणे हे केवळ जुन्या काळचे नव्हे. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशाच्या राजधानीत, हरारे येथे, मिक पीअर्स नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने १९९६ साली एक मोठी इमारत उभी केली. वारुळातील हवा कशी खेळती राहते याचा विचार करून त्याने जाड भिंती, रात्रीची गार हवा आत घेणाऱ्या वाटा आणि गरम हवा बाहेर टाकणारी धुराडी अशी योजना केली, व मोठी वातानुकूल यंत्रे टाळली. मौजेची गोष्ट ही, की वारूळ नेमके तसेच श्वास घेत नाही असे पुढील संशोधनात दिसून आले. वारुळाविषयीचा समज अपुरा निघाला, तरी इमारत मात्र चांगली चालली!

चुन्याविषयी दोन शब्द बोलणे आवश्यक आहे, कारण त्यात सगळा विषय एका मुठीत सापडतो. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांपर्यंत तापविली, की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो विरवून, वाळू व विटांचा चुरा घालून बैलांच्या घाणीत मळीत. भिंतीत बसल्यावर हा चुना हवेतील तोच वायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. सिमेंटसाठी चुनखडी व माती सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. जगात माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के वायू एकट्या सिमेंटच्या धंद्यातून येतो. भट्टीच्या सरपणाचा धूर चुन्यालाही चुकत नाही, हे खरे. तथापि चुन्याची भिंत मोडली तर विटा साफ करून पुन्हा वापरता येतात, सिमेंटची मोडली तर बहुतेक ढिगाराच हाती येतो. सिमेंट वाईट आहे असे मुलांना सांगू नये. पूल, धरण, पाण्याची टाकी यांना ते हवेच. कोठे हवे आणि कोठे नको, एवढा विवेक शिकविला म्हणजे पुरे.

येथवर ऐकून कोणास असे वाटेल, की जुने ते सगळे सोने, असे सांगण्याचा हा खटाटोप आहे. तसे मुळीच नाही. ज्या शिक्षकाला मातीच्या घराची थोरवी सांगावयाची आहे त्याने त्याचे दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत, नाहीतर तो मुलांची फसवणूक करील. याच वाड्यांत माजघरे अंधारी असत, चुलीचा धूर बायकांच्या डोळ्यांत व छातीत जाई, आणि चौकाचा मोकळा वारा ज्यांच्या वाट्याला आला त्यांच्यात घरातील विधवा व गडीमाणसे क्वचितच असत. आडावर कोणी पाणी भरावे आणि कोणी भरू नये, याचे नियम काय होते, ते सर्वांना माहीत आहे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला, तो हौद हाही पुण्याच्या वास्तुशिल्पाच्या पाठाचा भाग आहे. कात्रजच्या नळाचे कौतुक करताना तो विसरल्यास पाठ अर्धाच होईल. १८९७ च्या प्लेगात कोंदट व दाटीच्या वस्तीने किती माणसे नेली, हे पुण्याला पुढे फार दिवस आठवत राहिले.

पाण्याचे भय तर होतेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्यापाठोपाठ खडकवासल्याचे धरण वाहून गेले, आणि मुठेचे पाणी जुन्या पेठांत शिरले. वीट-मातीच्या भिंतींच्या पायाशी पाणी उभे राहिले की त्या आतून विरघळतात. नदीकाठची कित्येक घरे त्या दिवशी बसली. दगडी जोत्याने पावसाचे शिंतोडे अडविले होते, महापूर अडविणे त्याच्या शक्तीबाहेरचे होते.

याहूनही कठोर धडा किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. तेथील भिंती हात-दोन हात जाड, पण गोल दगड मातीत रचलेल्या. भिंतीच्या आतील व बाहेरील थराला एकत्र बांधणारे आरपार दगड त्यांत नव्हते. आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. उन्हापासून रक्षण करणारी तीच जाडी त्या पहाटे घात करून गेली. जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला होता तेथे भिंती ढासळूनही माळवद काही ठिकाणी तगले. भिंतीत दर दोन-तीन हातांवर एक आरपार दगड आणि चारी बाजूंनी एक सलग पट्टा, एवढ्या काळजीने पुष्कळ जीव वाचतात, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. म्हणून 'कच्चे' हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो येथे वापरावा. घर मातीचे आहे म्हणून कच्चे नव्हे; त्याचे सांधे जोडलेले नाहीत म्हणून कच्चे. सिमेंटच्या घरालाही, त्यातील लोखंड अपुरे असेल किंवा पाणी नीट मारलेले नसेल, तर हेच नाव शोभेल.

नव्याने बांधणाऱ्यांसाठी मधला मार्गही आहे. इंग्लंडात १९१७ साली जन्मलेले आणि पुढे केरळात स्थायिक झालेले लॉरी बेकर यांनी २००७ साली निधन होईपर्यंत अशी शेकडो घरे बांधली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याची पद्धत त्यांनी या देशात रूढ केली. तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या हवेमुळे भिंत उन्हालाही अडवते. गरिबाचे घर स्वस्त असावे पण हिणकस असू नये, अशी त्यांची दृष्टी होती.

घराचा विचार झाला की राहणीचा प्रश्न येतोच. चौक कितीही सुंदर असला आणि त्यात रोज नवी वस्तू आणून टाकली, तर त्याची अडगळीची खोली होण्यास वर्षही लागत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या संसारातील दिवे, भांडी, अडकित्ते, पेट्या मांडून ठेवल्या आहेत. त्या पाहताना एक गोष्ट लक्षात येते. वस्तू पुष्कळ दिसतात खऱ्या, पण त्या अनेक घरांतून जमविलेल्या आहेत; एकेका घरात थोड्याच असत, आणि प्रत्येक वस्तू दोन-तीन पिढ्या हाताळून गुळगुळीत झालेली आहे.

या संदर्भात डॉ. हेमा साने यांचे उदाहरण देण्याजोगे आहे. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले, आणि वनस्पती व पर्यावरण यांवर मराठीत बरीच पुस्तके लिहिली. बुधवार पेठेसारख्या शहराच्या ऐन गजबजाटात, झाडापेडांनी वेढलेल्या एका जुन्या घरात, त्या विजेची जोडणी न घेता राहिल्या. २०१९ साली, त्यांच्या वयाच्या ७९व्या वर्षी, ही हकीकत देशभरच्या वर्तमानपत्रांत आली तेव्हा लोकांस नवल वाटले. अन्न, वस्त्र, निवारा या गरजा; वीज पुढे आली, तिच्यावाचून चालते, असे त्यांचे साधे म्हणणे होते. ती जागा आपली नसून तेथील पशुपक्ष्यांची आहे आणि आपण केवळ राखणदार आहोत, असेही त्या म्हणत. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की ही राहणी अज्ञानातून किंवा आळसातून आलेली नव्हती. पीएच.डी.पर्यंत शिकलेल्या बाईने, सर्व काही समजून, जे नको ते घेतले नाही.

आणि येथेच शिक्षकाने फार जपून बोलले पाहिजे. साने बाईंनी वीज नाकारली. वाडीवरच्या एखाद्या मुलीला ती मिळालेलीच नाही, किंवा मिळते ती तिच्या अभ्यासाच्या वेळी जाते. या दोन अंधारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्याच्या ताटात एकच भाकरी आहे त्याला मिताहाराचे व्याख्यान देणे हे क्रौर्य होय. साधी राहणी हा ज्याच्यापाशी निवड आहे त्याचा गुण आहे. ज्याला निवडच नाही त्याच्या अडचणीला तो गोड शब्द लावू नये. मुलीच्या घरी दिवा लागावा म्हणून ग्रामपंचायतीकडे खटपट करणे आणि वर्गात गरजा कमी करण्याविषयी बोलणे, ही दोन्ही कामे एकाच शिक्षकाची आहेत व त्यांत विरोध नाही. महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास गेले, तेव्हा त्यांची कुटी माती, बांबू व कौले यांची होती. त्याच सेवाग्रामच्या आश्रमात पुढे दूरध्वनीही आला. जरुरीचे यंत्र आले म्हणून साधेपणा बाटला असे तेथे कोणास वाटले नाही.

मग वर्गात करावे काय? फळ्यावरील दोन रकाने पुसावेत. प्रत्येक मुलाने आपल्या घराचा एक कागद करावा. त्यात दार कोणत्या दिशेस, सकाळचे ऊन कोठे पडते, दुपारी सर्वांत गार जागा कोणती, भिंत कशाची, ती वस्तू किती अंतरावरून आली, पावसाचे पाणी कोठे जाते, एवढेच लिहावे. पंख्याखाली सर्वांत गार जागा लिहिणाऱ्या मुलाने वीज गेल्यावर पुन्हा पाहावे. घराची किंमत, खोल्यांची संख्या, दूरदर्शन संच आहे की नाही, हे रकाने कटाक्षाने ठेवू नयेत. ते ठेवले की मुले एकमेकांच्या कागदात डोकावू लागतात. आजी-आजोबांस विचारून घरातील सर्वांत जुनी व अजून वापरात असलेली वस्तू कोणती, हे मात्र अवश्य लिहावे. पाटा, जाते, उखळ किंवा तांब्याचा हंडा अशी उत्तरे येतील. एखादे वेळी प्लास्टिकची बादली येईल, तीही लिहून घ्यावी.

शाळेच्या इमारतीचा हिशेब पाचवीच्या मुलांकडून करवून घ्यावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी मिळते. पुण्याचा वार्षिक पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर धरला आणि दोन खोल्यांच्या शाळेचे छप्पर ६० चौरस मीटर धरले, तर ४२,००० लिटर होतात. त्यातून पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असे मानले तरी ३३,६०० लिटर उरतात. मावळातील शाळांचा आकडा याच्या कितीतरी पट येईल आणि इंदापूर-बारामतीकडील शाळांचा याहून कमी. म्हणून पाऊस आपल्या तालुक्याचाच धरावा. छपराला पन्हळ लावून एक-दोन पिंपे भरून घेतली तरी शाळेच्या बागेची सोय होते. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी सोडून द्यावे, कारण त्यात छपरावरची धूळ व पक्ष्यांची विष्ठा येते. हे पाणी पिण्यासाठी वापरू नये. पिंपाच्या तोंडाला फडके बांधावे, नाहीतर आठवड्यात डासांची पैदास होईल.

पत्र्याच्या छपराखाली बसणाऱ्या शाळांनी उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर चुन्याची सफेदी द्यावी. खर्च थोडा असतो व काम गावातील तरुण अर्ध्या दिवसात करतात. मात्र कुजलेल्या पत्र्यावर मुलांस चढू देऊ नये. खालून बांबूच्या तट्ट्याचे छत बांधल्यास पत्रा व डोके यांच्यामध्ये हवेचा थर राहतो, आणि पावसाळ्यात शिकविलेले ऐकूही येते. पश्चिमेच्या भिंतीलगत मांडव घालून त्यावर जूनमध्ये दोडका किंवा घोसाळे चढवावे. वेल पावसाळ्यातच वाढतो आणि उन्हाळ्यात वाळतो, म्हणून कायमच्या सावलीसाठी त्याच बाजूस भिंतीपासून दहा-बारा हात दूर कडुनिंबाचे किंवा करंजाचे रोप लावावे. त्याची सावली भिंतीवर येण्यास पाच-सहा वर्षे लागतील. आज पहिलीत बसलेली मुले तोवर ती शाळा सोडून गेलेली असतील, म्हणून रोपाला पाणी घालण्याचे काम पहिलीच्याच मुलांकडे द्यावे व दर डिसेंबरमध्ये काठीच्या सावलीबरोबर रोपाची उंचीही त्याच वहीत मांडून ठेवावी.